पोर पुस्तकात डोके घालून बसले आहे? बसू द्या!

कोणत्याही वस्तीत जा, असे एखादे तरी पोर सापडतेच. बरोबरीची मुले नाक्यावर, मैदानात नाही तर मोबाईलवर असतात आणि हे आपले जिन्याखाली, पोटमाळ्यावर किंवा विहाराच्या ओट्यावर पुस्तक उघडून बसलेले. पुस्तकही शाळेचे नसते. कधी तुकोबांची गाथा, कधी 'फकिरा', कधी एखाद्या रशियन कादंबरीचा पिवळा पडलेला मराठी अनुवाद. आईची हाक त्याला ऐकू येत नाही. डोळ्यांदेखत दूध उतू जाते तरी पत्ता नसतो. मग घरात बोलणी सुरू होतात. "कादंबऱ्या वाचून पोट भरणार आहे का? त्यापेक्षा भरतीचे गाईड वाच!" मुलगी असली तर बोलणी आणखी एक पायरी चढतात. "सासरी गेल्यावर काय पुस्तके शिजवून घालणार आहेस?"

असे बोलणाऱ्या आईबापांना आम्ही नावे ठेवणार नाही. बारा-बारा तास वॉचमनकी करणाऱ्या बापाला आणि चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या आईला पोराच्या भाकरीची चिंता वाटणारच. ती चिंता खरी आहे. परंतु मायबापहो, हे पोर काही वाया चाललेले नाही. जुनी, थोर पुस्तके आवडीने वाचणारे पोर आपल्या घरात निपजले ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच्या हातातले पुस्तक हिसकावण्याआधी दोन घटका आमचे म्हणणे ऐकून घ्या.

सुभेदारांच्या घरातला वाचक

बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले घर आठवा. परळच्या डबक चाळीतली एक खोली. स्वयंपाक तिथेच, निजणे तिथेच, अभ्यासही तिथेच. भीमराव संध्याकाळी लवकर निजत. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. सारी चाळ झोपलेली असताना बारीक दिव्याच्या उजेडात वाचन चाले. ही हकीकत आपण जयंतीच्या भाषणांतून शंभरदा ऐकली आहे.

परंतु त्यातला एक भाग भाषणांत सहसा येत नाही. त्या मुलाला शाळेची पुस्तके पुरत नव्हती. अभ्यासक्रमाबाहेरचे वाचण्याचा त्याला नाद होता. आपल्या घरातल्या पोराला आहे तसाच! सुभेदारांना हा नाद पुरता पसंत होता असेही नाही. पोराचे लक्ष अभ्यासावरून उडेल अशी धास्ती त्यांनाही होती. तरीही मुलाने पुस्तक मागावे आणि ते मिळू नये, असे त्यांनी होऊ दिले नाही. हातात पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींच्या घरी जात, दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करत. मंजुळाबाई आणि तुळसाबाई या त्या बहिणी. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाची गोष्ट सांगताना पहिले नाव या दोघींचे घ्यायला हवे, असे आम्हांला वाटते.

शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाची नजर त्यांच्यावर गेली. केळुसकर गुरुजींनी विचारपूस केली, पुस्तके दिली आणि पुढे एका सत्काराच्या प्रसंगी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. त्या भेटीचे फळ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर साऱ्या जगाने पाहिले. बागेत वाचत बसलेल्या मुलाकडे कुणीतरी लक्ष दिले, एवढ्यावरून केवढे घडले पाहा.

वाचायचे, पण प्रश्न विचारून

इथे काही तरुण कार्यकर्ते आम्हांला विचारतील, "जुन्या ग्रंथांत आमचा अपमानच भरलेला आहे. ते आमच्या पोरांनी का वाचावेत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे.

'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या बालपणीच्या वाचनाची हकीकत सांगितली आहे. घर कबीरपंथी. सुभेदार मुलांकडून रोज भजने म्हणवून घेत आणि रामायण-महाभारत वाचवून घेत. भीमरावांनी वडिलांना सरळ विचारले, ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना हीन लेखले आहे ते आम्ही का वाचायचे? वडिलांचे उत्तर असे की, आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड शिरण्याचा धोका आहे. द्रोण, कर्ण ही साधी माणसे किती उंच चढली, कोळी असलेल्या वाल्मीकीने रामायण रचले, हे वाचले की तो गंड जातो. मुलाला हे उत्तर पटले नाही. भीष्म, द्रोण आणि कृष्ण यांची वागणूक आपल्याला आवडत नाही, वालीला मारणारा आणि सीतेला तसे वागवणारा रामही आवडत नाही, हे त्याने बापाला तोंडावर सांगितले. सुभेदार गप्प राहिले.

आम्हांला या प्रसंगात दोघेही मोठे वाटतात. मुलगा मोठा, कारण त्याने ग्रंथ नीट वाचून मगच तो नाकारला. आणि बाप मोठा, कारण मुलाच्या प्रश्नावर त्याने हात उगारला नाही. पुढे बाबासाहेब सांगतात की, बुद्धांकडे आपण कोऱ्या मनाने गेलो नाही. आधीचे वाचन गाठीशी होते, म्हणूनच तुलना करता आली.

शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. तरी मोठेपणी त्यांनी संस्कृत मिळवलेच आणि जे ग्रंथ आपल्याला बंद होते ते मुळातून तपासले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही तिच्यात काय लिहिले आहे हे पुरते जाणून झाले. दुसऱ्या बाजूने पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकाराम महाराजांचा अभंग होता आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. जे टाकायचे ते टाकले, जे कामाचे ते घेतले. न वाचणाऱ्याला यातले काहीच जमत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांचेही तसेच. जेमतेम विशीत असताना त्यांनी टॉमस पेन या इंग्रज लेखकाचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक वाचले. १७९१ चे पुस्तक, तेव्हाच अर्धशतक जुने झालेले. पण पुण्यातल्या त्या तरुणाला ते आपले वाटले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. आणि १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज अभ्यासक तो निबंध आदराने वाचतात. चौदा वर्षांची पोर ती! तिच्या हातातले पुस्तक कुणी हिसकावले असते तर?

अडीच हजार वर्षांपूर्वीचे आपले लोक

अभिजात साहित्य म्हटले की आपल्या मुलांना वाटते, ते राजवाड्यातले, पेशवाईतले, आपले नव्हे. त्यांना पाली त्रिपिटकातल्या थेरगाथा आणि थेरीगाथा दाखवा. भिक्खूंनी आणि भिक्खुणींनी आपली जीवनकथा स्वतः सांगितलेल्या या गाथा आधी मुखोद्गत होत्या. पुढे श्रीलंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्या ग्रंथबद्ध झाल्या.

थेरगाथेत सुनीत भेटतो. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेला, सुकलेली फुले झाडून काढणारा, लोकांच्या तिरस्काराचा धनी. भगवान बुद्धांनी त्याला संघात घेतले, आणि पुढे तो स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो. थेरीगाथेत पुण्णा भेटते. ती दासी. मालकिणीच्या भीतीने कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरायला जाते. तिथे एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करताना दिसतो. ती त्याला विचारते, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासव आणि मगरी सगळे स्वर्गातच जातील ना? आणि पाण्याने पाप वाहून जात असेल तर पुण्यही वाहून जाणार नाही कशावरून? ब्राह्मण निरुत्तर होतो.

आमच्या आयाबहिणींनो, पहाटे नळावर हंडे भरताना ही पुण्णा आठवा. पाणी भरणाऱ्या बाईचा युक्तिवाद जगाच्या एका अतिप्राचीन ग्रंथात जपला गेला आहे. थेरीगाथा वाचत बसलेली मुलगी आपल्याच आजीची आजी शोधते आहे. तिला भांडी घासायला उठवायचे असेल तर जरूर उठवा, पण गाथा पुरी झाल्यावर.

बाबासाहेबांना हे साहित्य किती मोलाचे वाटे ते त्यांनी दिलेल्या नावांवरून कळते. त्यांनी पुस्तकांसाठी दादरला घर बांधले, नाव ठेवले 'राजगृह', मगधाची प्राचीन राजधानी. मुंबईत १९४६ मध्ये कॉलेज काढले, त्याचे नाव सिद्धार्थ. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० मध्ये कॉलेज काढले, त्याला नाव दिले मिलिंद. हा मिलिंद म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला ग्रीक राजा. त्याने भदंत नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि उत्तरे पटली तेव्हा हार मानली. कॉलेजच्या परिसराला नाव मिळाले नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव त्याच्या आवाराला! त्याच मिलिंद महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवले आणि दलित लेखकांच्या पिढ्या घडवल्या. त्यांच्यातला प्रत्येक जण आधी कुठल्या तरी कोपऱ्यात बसून वाचणारे पोर होता.

आचाऱ्याची पेटी आणि वाटेगावचा मुलगा

आता थोडे रशियाकडे वळू. पोराच्या हातातली ती पिवळी कादंबरी बहुधा तिकडचीच असते. सोव्हिएत काळात रशियन पुस्तकांचे मराठी अनुवाद अगदी थोड्या पैशांत मिळत, ते अजूनही जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडतात.

मॅक्झिम गॉर्की १८६८ मध्ये जन्मला. लहानपणीच बाप गेला, पुढे आई गेली. चपलांच्या दुकानात पोऱ्या, एका नकाशे काढणाऱ्याच्या घरी घरगडी, व्होल्गा नदीवरच्या आगबोटीत भांडी घासणारा, अशी त्याची नोकरी. बोटीवर स्मूरी नावाचा एक दांडगा आचारी होता. त्याच्यापाशी पुस्तकांची पेटी होती. तो पोराला सांगे, भांडी राहू दे, वाचून दाखव. गोगोलची 'तारास बुल्बा' वाचताना तो दांडगा आचारी रडला, पोरही रडले. घरगडी असताना मालकीण मेणबत्ती किती जळली हे मोजून पाही. म्हणून त्या पोराने चंद्राचा उजेड तांब्याच्या भांड्यावरून पुस्तकावर पाडून पाहिला, आणि मेणबत्त्यांचे सांडलेले मेण गोळा करून डब्यात दिवा केला. १८८४ मध्ये तो कझानला गेला, विद्यापीठात शिकायच्या आशेने. शिक्षण मिळाले नाही, बेकरीत पीठ मळण्याचे काम मिळाले. त्यानेच पुढे १९०६ मध्ये 'आई' ही कादंबरी लिहिली. गिरणी कामगाराची अडाणी आई मुलामुळे जागी होते, तिची ही कथा. मराठीत ती 'आई' याच नावाने आली आणि कामगार वस्त्यांतून वाचली गेली.

आपल्या अण्णा भाऊ साठे यांना गॉर्कीविषयी फार जिव्हाळा. वाटेगावचा हा मातंग समाजातला मुलगा, जन्म १ ऑगस्ट १९२० चा. शाळा दीड दिवसाची. आईबापांबरोबर गावाहून पायी मुंबईला आला आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरे जुळवायला शिकला. गिरणीत राबला, झोपडपट्टीत राहिला. त्याच माणसाने १९५८ मध्ये मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन केले, १९५९ मध्ये 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तो गॉर्कीच्या देशात जाऊन आला. ज्याला जगाने पाटी-पेन्सिलही धड दिली नाही, त्याचीच कादंबरी आज मराठीतली अभिजात कादंबरी म्हणून वाचली जाते.

मग पोटाचे काय?

तो प्रश्न आम्ही टाळणार नाही. कादंबरी वाचून नोकरी लागते असे आम्ही म्हणत नाही. परीक्षा द्यायची असेल तर अभ्यासक्रम पुरा केलाच पाहिजे, आणि घरात हात कमी असतील तर पोराने कामाला हात लावलाच पाहिजे. वाचतो म्हणून बहिणीने त्याचे ताट उचलावे, हे आम्हांला मान्य नाही.

पण एवढे ध्यानात घ्या. गाईडात प्रश्नाचे उत्तर असते आणि परीक्षा झाली की ते विसरले जाते. 'फकिरा' किंवा प्रेमचंदांची 'गोदान' वाचलेल्या मुलाला सावकार कसा बोलतो, दुष्काळ माणसाला कुठवर नेतो, भुकेल्या माणसाची अब्रू कशात असते, हे कळलेले असते. भाषा त्याच्या तोंडी बसते. अर्ज लिहायचा असो, साहेबापुढे उभे राहायचे असो की वस्तीच्या बैठकीत चार शब्द बोलायचे असोत, त्याला शब्द शोधत बसावे लागत नाही. ठेकेदाराने कमी पगाराच्या कागदावर सही मागितली तर तो आधी कागद वाचतो. आपल्या बापजाद्यांना न वाचता अंगठे उठवावे लागले. त्यात जमिनी गेल्या, आयुष्ये गेली.

तरुण मित्रांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. वाचनाने घमेंड येऊ देऊ नका. आईला तुमच्याएवढे वाचता येत नसेल, पण जात्यावरच्या ओव्या आणि भीमगीते तिला पाठ आहेत. तेही साहित्यच. कॉलेजात कुणी कुत्सितपणे म्हणाले की "तू आणि कालिदास?", तर खाली मान घालू नका. पुस्तकावर कुणाचा सातबारा नसतो. आणि आपल्याच वस्तीत कुणी म्हणाले की परक्यांचे वाचतोस, तर त्याला न्यूयॉर्कचा विद्यार्थी आठवून द्या. १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकताना पोटाला चिमटा घेऊन त्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती. आपले आणि परके असा भेद त्याने केला नाही.

घराने एवढे करावे

आमच्या सूचना साध्या आहेत, खिशाला जड जाणाऱ्या नाहीत.

घरात एक खोली असली तरी एक तास ठरवा. त्या तासात टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. सुभेदारांना चाळीत जमले ते आपल्यालाही जमेल. घरात एक फळी ठोका. बाबासाहेबांच्या फोटोखाली हार असतो, तसे एक पुस्तकही असू द्या, आणि ते नुसते पुजू नका, उघडा.

मुलाला, आणि मुलीलाही, जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नाव घालून द्या. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदानावर चालणारी वाचनालये गावोगाव आहेत. वर्गणी सहसा फार नसते. मुलगी संध्याकाळी एकटी जायला घाबरत असेल तर बापाने किंवा भावाने बरोबर जावे, पण "नको जाऊस" म्हणू नये.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. भाकरी बांधून आलेली माणसे परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. जगात असे मेळे थोडे. तिथे जाताना पोराला बरोबर न्या आणि एक पुस्तक त्याच्या आवडीचे घेऊ द्या. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले आहेत. त्यांतले बरेच मोबाईलवरही फुकट वाचता येतात. तेव्हा पोर मोबाईलमध्ये डोके घालून बसले असेल तर ओरडण्याआधी ते काय वाचते आहे एवढे विचारा.

आणि शेवटचे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभर राबून आलेली माणसे पाय दुमडून ऐकत बसतात. ग्रंथ वाचण्याची आणि ऐकण्याची ही रीत आपल्यात आहेच, ती बाहेरून आणायला नको. बहुतेक ठिकाणी वाचणारे मात्र ठरलेले असतात, वयाने मोठे आणि पुरुष. पुढच्या वर्षावासात एवढा बदल करून पाहा. जिन्याखाली बसून वाचणाऱ्या त्या मुलाला, पोटमाळ्यावरच्या त्या मुलीला पुढे बोलवा आणि एका दिवसाचे वाचन तिच्या हाती द्या. तिला वाचू द्या, अडले तर थांबू द्या, आणि वाचून झाल्यावर तिचा प्रश्न विचारू द्या. आईला पहिल्या ओळीत बसवा.